व्हॅनमधील अंथरूण कोणासाठी?

व्यापारी घरात व्हॅन प्रथम मालाची असते आणि नंतर माणसांची. वसई-विरारच्या बाजारपेठांत आठवडाभर खोकी वाहणारे हे वाहन रविवारी अर्नाळ्याच्या किंवा केळव्याच्या किनाऱ्यावर मुक्कामाला नेता आले तर किती बरे, असा विचार काही घरांत होऊ लागला आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणल्यापासून चाकांवरच्या घराची कल्पना फारशी परकी राहिलेली नाही. मात्र घर म्हटले की त्यातील जागा कोणाच्या वाट्याला येणार, हा प्रश्न ओघानेच येतो.

वसईतील एका कापड व्यापाऱ्याच्या घरी झालेला विचार या दृष्टीने उद्बोधक आहे. कुटुंबाजवळ एक मोटार आणि मागे आसने नसलेली एक मालवाहू व्हॅन. प्रवास मोटारीने करायचा आणि मुक्कामी व्हॅनची शय्यागृह म्हणून योजना करायची, असे ठरले. थोरल्या मुलाला उंच पलंग हवा होता, कारण त्याखाली सामान मावते. वडिलांचा आग्रह एवढाच, की सोमवारी सकाळी व्हॅन पुन्हा मालासाठी मोकळी असावी. गुडघ्यांनी त्रस्त असलेल्या आजी म्हणाल्या, “तुम्ही जा, मी घर सांभाळते.” हे वाक्य आपल्या घरांत इतक्या सहजतेने बोलले जाते, की त्यातील वजाबाकी हिशोबात कधी धरलीच जात नाही. येथे सुनेने ती धरली. आजींना वगळून होणारी सोय ही कुटुंबाची सोय नव्हे, असे तिने स्पष्ट सांगितले आणि मांडणीचा विचार नव्याने सुरू झाला.

सुताराला बोलावण्यापूर्वी गोदामाच्या फरशीवर खडूने व्हॅनच्या आतील मापाचा आराखडा काढण्यात आला आणि त्यात रिकामी खोकी मांडण्यात आली. पहिला निर्णय तेथेच झाला. मारुती ईकोसारख्या व्हॅनची बाहेरची रुंदी १४७५ मि.मी., म्हणजे सुमारे चार फूट दहा इंच. आतील त्याहूनही कमी. आडव्या अंथरुणावर प्रौढ माणसाला पाय पसरता येणार नाहीत. अंथरूण लांबीच्या दिशेनेच घालावे लागेल.

खरा पेच उंचीचा होता. व्हॅनचा तळच जमिनीपासून बराच उंच. त्यावर पलंग चढवला तर आजींना शिडीच लागेल. म्हणून सरकत्या दाराच्या बाजूला तळालगत एक फळी व त्यावर गादी, बाहेर उतरण्यासाठी भक्कम पाट आणि हाताशी धरायला दांडी, अशी रचना ठरली. रात्री उठावे लागले तर आजींना कोणाला ओलांडावे लागणार नाही. समोरच्या बाजूला सामानाची खोकी आणि त्यांच्यावर नातीची गादी. मुलगा व सून यांच्यासाठी बाहेर तंबू. उंच पलंगाखाली मावले असते त्यातील बरेच सामान घरीच राहिले. वडिलांनी त्याची यादी स्वतः कमी केली.

स्वयंपाकाची जागा मागच्या दारापाशी, बाहेर उभे राहून वापरता येईल अशी. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपायचे असल्याने उजेडाचा प्रश्न उरला नाही. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाल्यास तो तळाशी साचतो, आणि तेथेच तर आजींची गादी. म्हणून सिलिंडर रात्री व्हॅनबाहेर ठेवायचा आणि आत कधीही पेटवायचा नाही, हा नियम झाला. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. चाळीस लिटरचा साठा खाली आणि घट्ट बांधूनच न्यावा. दमट किनारी हवेसाठी समोरासमोरच्या दोन खिडक्यांना जाळ्या, आणि फळ्यांसाठी आयएस ७१० मानकाचे मरीन प्लायवूड.

कायद्याची बाजूही विसरता येत नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील मूळ तपशिलात बदल घडेल असा फेरफार वाहनात परवानगीविना करता येत नाही. आसने काढणे किंवा कायमची बांधणी करणे असेल तर आधी परिवहन कार्यालयात आणि विमा कंपनीकडे विचारणा करावी. या कुटुंबाने काहीही कायमचे जोडले नाही; फळी, खोकी आणि गादी सोमवारी उचलून ठेवता येतात. वडिलांची अटही पाळली गेली.

मांडणी ठरवताना लाकूड, खिळे आणि खर्च यांचा हिशोब प्रत्येक घर करतेच. त्याआधी एकच गोष्ट करावी. घरात ज्याला चढउतार सर्वांत कठीण जाते, त्याला खडूच्या रेघेत बसवून पाहावे. बाकीची मापे त्यानंतर घ्यावीत.