मुरूड ते हिंगणे, कुंभार्लीमार्गे

दापोलीहून आसूदबागेची वळणे उतरून मुरूडला आले की सगळे गाव एका सरळ रस्त्याच्या कडेने मांडलेले दिसते. दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे, गडग्यांच्या आत नारळी-पोफळीच्या वाड्या, वाड्यांतून फिरणारे पाट, आणि पलीकडे समुद्र. फाटकांवर आता घरमालकांच्या नावांपेक्षा ‘राहण्याची घरगुती सोय’, ‘मोदक ऑर्डरप्रमाणे’ अशा पाट्याच जास्त. विधवेशी लग्न केले म्हणून याच गावाने १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांना वाळीत टाकले आणि याच गावात आज त्यांचे स्मारक आहे. यातल्या विसंगतीवर कुणीही बोट ठेवील. मला त्यात फारसा रस नाही. माणूस गेल्यावर त्याचे स्मारक उभारणे कुठल्याही गावाला परवडते. मी आले ती वेगळ्या प्रश्नामागे. रूढी मोडल्यामुळे माणूस मोठा होतो, असे आपण सरसकट धरून चालतो. मला क्रम उलटा वाटतो. स्वतःचा भार स्वतः उचलायची सवय आधी लागते, रूढी मोडण्याची वेळ नंतर येते. आणि मोडल्यावर जे देणे अंगावर येते ते दुसऱ्याच्या नावावर न टाकता फेडत राहिले, तरच माणूस वाढतो. हे म्हणणे तपासायला कर्व्यांइतका चांगला माणूस नाही, कारण बंडखोराचा पिंडच त्यांचा नव्हता. म्हणून त्यांच्या पायाखालची एक वाट धरून जायचे ठरवले: मुरूडहून चिपळूण, कुंभार्ली घाट, पाटण, सातारा, आणि शेवटी पुण्याजवळचे हिंगणे.

मुरूडच्या दुर्गादेवीच्या देवळात कोरीव लाकडी खांब आहेत. मंडपात उन्हाळ्यातही गारवा असावा, इतके छप्पर खाली आलेले. गावातले शिक्षक सोमण गुरुजी यांच्या सांगण्यावरून लहानग्या धोंडूने गावकऱ्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवावे, असा परिपाठ या गावात होता. आत्मचरित्रात कर्वे स्वतःच्या भिडस्तपणाबद्दल पुन्हा पुन्हा लिहितात. चार माणसांत तोंड उघडणे त्यांना अखेरपर्यंत जड गेले. अशा मुलाला मोठ्या माणसांपुढे उभे राहून बातम्या वाचायला लावण्यात गुरुजींची दृष्टी होती, यात शंका नाही. पण यात बंड कुठे आहे? कुठेच नाही. पुढे मुंबईत शिकवण्या करून पदवी घेतल्यावर कर्व्यांनी गावच्या कामांसाठी ‘मुरूड फंड’ उभा केला, त्यातही बंड नव्हते. गावाने सोपवलेले काम चोख करणारा, गावासाठी पदरमोड करणारा हा माणूस गावाच्या दृष्टीने आदर्श मुरूडकर होता. बहिष्काराचा घाव बसला तो अशा माणसावर. गावाशी काही नातेच नसलेल्याला वाळीत टाकून काय होणार?

खेडच्या भरणे नाक्यावर महामार्ग लागतो आणि चिपळूणला बहादूरशेख नाक्यावरून कऱ्हाडचा रस्ता फुटतो. पोफळीपर्यंत तो निवांत असतो. इथे सह्याद्रीच्या पोटात वीजघर आहे. पूर्वेला वाहणारे कोयनेचे पाणी बोगद्यांतून पश्चिमेला पाडून त्यावर वीज तयार होते. पोफळी सोडली की कुंभार्ली घाट सुरू. पावसाळ्याच्या अखेरीस घाटातल्या प्रत्येक वळणावर डोंगरातून पाणी गळत असते, मालट्रक पहिल्या गिअरात कण्हत चढतात, आणि समोरून एसटी आली की दोन्ही चालक काचा खाली करून एकमेकांना वाट देतात. १८७५ साली याच घाटाने कर्वे आणि त्यांचे काही सोबती पाठीवर सामान बांधून साताऱ्याला चालत गेले, सहावीच्या सरकारी परीक्षेसाठी. शंभराहून अधिक मैलांची ही वाट पावसापाण्यात तुडवून साताऱ्याला पोचल्यावर परीक्षा घेणाऱ्यांनी पोराकडे पाहिले आणि हा सतरा वर्षांचा दिसत नाही म्हणून त्याला बसू दिले नाही. एप्रिल १८५८ चा जन्म, म्हणजे सतरा पूर्ण झाली होती. अंगाने लहान, एवढाच गुन्हा. तो परत फिरला, आणि पुढच्या वर्षी कोल्हापूरला जाऊन परीक्षा पास झाला.

या गोष्टीवर शाळेत भाषणे होतात, आणि ती चिकाटीच्या सदरात मोडते. त्यावरचा आक्षेपही मला मान्य आहे: परीक्षेसाठी पायपीट करणारी मुले त्या काळी गावोगाव होती, त्यांतली बहुतेक पुढे सरकारी नोकरीत स्थिरावली आणि आयुष्यभर चाकोरीत राहिली. मग चिकाटीचा आणि चाकोरी मोडण्याचा संबंध काय? संबंध थेट नाही. चिकाटीने दिशा मिळत नाही; कर्व्यांना ती मुंबई-पुण्याच्या वाचनातून, मित्रांतून आणि पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातून मिळाली. घाटाने दिले ते वेगळेच. आपल्यावर अन्याय झाला आहे, आणि तो दूर होईपर्यंत आपले काम मात्र थांबलेले नाही, या दोन गोष्टी एकाच वेळी मनात धरायची ताकद. साताऱ्याच्या अधिकाऱ्याचे चुकलेच होते. कोल्हापूरचा रस्ता तरीही मुलालाच चालायचा होता. स्वतःची जबाबदारी घेणे म्हणजे सगळा दोष स्वतःच्या माथी मारून घेणे, असा एक सोयीस्कर अर्थ हल्ली फार ऐकू येतो, विशेषतः ज्यांच्याकडून अन्याय होतो त्यांच्या तोंडून. दोष त्यांचा आणि पाऊल आपले, ही फोड कर्व्यांना सतराव्या वर्षी करता आली.

घाटमाथ्यावर हवा बदलते. हेळवाकला गरम भजी आणि चहाच्या टपऱ्या, मग कोयनानगर, मग पाटणपर्यंत नदीची सोबत. पुढे मल्हारपेठेवरून उंब्रजला महामार्ग गाठायचा की सरळ कऱ्हाडला जायचे, हे प्रवाशाने ठरवायचे. मी उंब्रजकडे वळले, तरी कऱ्हाड मनात होतेच. कृष्णाकाठचे टेंभू तिथून जवळ, सुधारक गोपाळ गणेश आगरकरांचे जन्मगाव. शिक्षणासाठी आगरकरही पायी घाट उतरले होते, पण उलट दिशेने, कऱ्हाडहून रत्नागिरीला. दोघांच्या वयात दोन वर्षांचेही अंतर नाही. कर्व्यांच्या पुनर्विवाहाला आगरकरांचा मनापासून पाठिंबा होता, पण स्वभाव पाहिले तर दुसरे टोक. आगरकरांनी लेखणीने वार केले, सनातन्यांनी त्यांच्या जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली, आणि १८९५ साली, चाळिशीही न गाठता, ते गेले. शिक्षण पुरे झाल्यावर मोठ्या पगाराची नोकरी धरणार नाही, पोटापुरते घेऊन बाकीचे आयुष्य लोकांसाठी घालवीन, असे त्यांनी आईला लिहिल्याचे प्रसिद्ध आहे. त्या पत्राकडे त्याग म्हणून पाहतात. मला त्यात महत्त्वाचे वाटते ते पत्र ज्या व्यक्तीला लिहिले ते. मुलाच्या पगाराची वाट पाहणाऱ्या आईलाच त्यांनी आधी सांगितले, कारण त्या निर्णयाचा अर्धा भार तिच्यावर पडणार होता. विचार जगाला ऐकवण्यापूर्वी त्याची झळ लागणाऱ्या माणसाला तोंडावर सांगणे, हे सुधारकांना सुद्धा क्वचितच जमले आहे.

आणि इथेच सर्वांत अवघड आक्षेप येतो. ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात कर्व्यांनी गोदूबाईंशी लग्न केले. त्या देवरुखच्या जोशांच्या, कर्व्यांचे मित्र नरहरपंत यांची बहीण, बालपणीच विधवा झालेल्या, शारदा सदनात शिकत असलेल्या. लग्नानंतर त्यांचे नाव आनंदीबाई झाले, घरात बाया. जोडपे मुरूडला गेल्यावर गावकीने ठरवले की कर्व्यांच्या पंक्तीला, बैठकीला कुणी बसायचे नाही, आणि ते थोरल्या भावाच्या घरी उतरले तर भावालाही वाळीत टाकायचे. कर्वे नोकरीला पुण्यात, फर्ग्युसन कॉलेजात. त्यांचे ताट काही हिसकावले गेले नाही. मुरूडच्या घरात राहायचे होते ते आईला आणि भावाला. मग नकार कर्व्यांचा आणि भुर्दंड त्यांना, यात कसली स्वतःची जबाबदारी?

आक्षेप खरा आहे आणि त्याला पूर्ण उत्तर नाही. कुठल्याही नकाराची झळ एकट्यापुरती ठेवता येत नाही. घर, नाते, जात असलेल्या माणसाला तर मुळीच नाही. राहतो तो एवढाच प्रश्न की झळ दुसऱ्यांना लागते हे नकार देणारा ओळखतो का, आणि ओळखून आपल्या वागण्यात काही बदलतो का. कर्व्यांनी बदलले. घरच्यांना त्रास नको म्हणून गावी जाणे आवरते घेतले. तत्त्वासाठी आईच्या दारात ठाण मांडून बसण्याचा शूरपणा त्यांनी केला नाही. एखाद्याला यात माघार दिसेल. मला हिशेब दिसतो: लग्न मोडायचे नाही, माफी मागायची नाही, पण दुसऱ्याच्या अंगणात आपली लढाई लढायची नाही. बायांच्या बाबतीत मात्र हा हिशेब इतका स्वच्छ नाही. ‘माझे पुराण’ या त्यांच्या आत्मकथनात संसाराची ओढाताण त्यांनी त्यांच्या रोखठोक भाषेत सांगितली आहे. नवऱ्याने मिळकत संस्थेला वाहायची आणि घर तिने ओढायचे, अशी वाटणी बरीच वर्षे चालली. कर्व्यांचे आत्मवृत्त वाचणाऱ्याने बायांचे पुस्तक आधी वाचावे असे मी म्हणेन. दोन्ही वाचल्यावर कर्वे लहान होत नाहीत, पण त्यांच्या मोठेपणाच्या पावतीवर दुसरी सही कुणाची होती ते कळते.

साताऱ्याहून पुणे आता काही तासांचे. शहरात शिरल्यावर डेक्कनवरून कर्वे रस्ता धरायचा, नळ स्टॉपचा दुमजली पूल आणि मेट्रोचे खांब ओलांडायचे, आणि कोथरूडच्या गर्दीतून कर्वेनगरला यायचे. हेच जुने हिंगणे. कर्व्यांनी १८९६ साली विधवांसाठी पुण्यात सुरू केलेला अनाथ बालिकाश्रम प्लेगच्या दिवसांत शहराबाहेर न्यावा लागला आणि १९०० साली इथे आला, रावबहादूर गोखल्यांनी दिलेल्या सहा एकरांच्या माळावर. सुरुवातीची झोपडी संस्थेने जपली आहे. आजूबाजूला शाळा, वसतिगृहे, मुलींचे अभियांत्रिकी महाविद्यालय अशा इमारती वाढल्या आहेत. त्यांच्यामध्ये ती इतकी ठेंगणी दिसते की प्रथम ती माळ्याची खोली वाटावी. कॉलेजातले गणिताचे तास संपवून कर्वे संध्याकाळी चिखलातून इथे चालत येत, शहरातून लागणारे सामानही आणत. रस्ता नव्हता. रात्र आश्रमात काढून सकाळी पुन्हा शहर. कुंभार्लीची पायपीट एकदाची होती, ही वर्षानुवर्षांची.

आगरकरांच्या बाजूच्या लोकांना हा आश्रम बुळा वाटला, आणि त्यांचे कारण ठोस होते. आश्रमाने पुनर्विवाहाचा प्रचार करायचा नाही, असे कर्व्यांनी ठरवले. पुनर्विवाहाच्या मंडळीची खटपट त्यांनीच सुरू केली होती, तिच्या कामातूनही ते बाजूला झाले. केशवपन केलेल्या मुली तशाच राहू शकत. म्हणजे स्वतः विधवेशी लग्न केलेला माणूस इतर विधवांना फक्त शिकवणार, लग्नाबद्दल बोलणार नाही? ही तडजोड होतीच. कर्व्यांचा थोरला मुलगा रघुनाथ याने असली तडजोड कधी केली नाही. संततिनियमनाच्या प्रचारापायी १९२५ साली त्याची प्राध्यापकी गेली, तरी १९२७ पासून मरेपर्यंत त्याने ‘समाजस्वास्थ्य’ मासिक स्वतःच्या खिशातून चालवले. तर्काच्या बाजूने पाहिले तर मुलगा बापापेक्षा सरस, असे मलाही वाटते. पण रघुनाथ मासिक चालवत होता. न पटणाऱ्याने ते विकत घेऊ नये, एवढाच त्याचा वाचकाशी व्यवहार. बापाने दुसऱ्यांच्या मुली सांभाळायला घेतल्या होत्या. एखाद्या बापाने भीत भीत पाठवलेली अठरा वर्षांची विधवा पोर आपल्या मताची साक्षीदार म्हणून जगापुढे उभी करण्याचा हक्क कर्व्यांनी स्वतःकडे घेतला नाही. स्वतःच्या नावावर रूढी मोडता येते, दुसऱ्याच्या नावावर मोडली तर ती नवी सक्ती होते.

याचा पुरावा आश्रमातच आहे, आणि तो कर्व्यांच्या चरित्रापेक्षा बायांच्या बहिणीच्या, पार्वतीबाई आठवल्यांच्या चरित्रात शोधावा. त्याही तरुणपणी विधवा झाल्या, आश्रमात आल्या, शिकल्या, शिकवू लागल्या. पुढे आश्रमासाठी वर्गणी गोळा करत गावोगाव फिरल्या, तेव्हा सोवळ्या विधवेच्या वेषातच. लोकांनी दारात उभे करावे म्हणून तो वेष उपयोगी पडला असेलही. १९१२ च्या सुमारास, चाळिशी उलटल्यावर, त्यांनी तो आपण होऊन टाकला. मग १९१८ मध्ये इंग्रजी शिकायला अमेरिकेला गेल्या आणि तिथे लोकांच्या घरी कामे करून पोट भरले. कुणी त्यांना ढकलले नव्हते. आश्रमाच्या नियमांना बुळे म्हणणाऱ्यांनी हा निर्णय कुठून आला ते सांगायला हवे. माझ्या मते तो मधल्या वर्षांतल्या वहीखात्यांतून आला: गावोगाव हिंडून पै-पैसा मोजून घेतला, पावत्या फाडल्या, परक्या माणसांशी बोलून त्यांना न रागावता पुन्हा त्यांच्याच दाराशी गेल्या, त्यातून. केशवपनाविरुद्धचे एखादे भाषण ऐकून त्यांनी वीस वर्षे आधीच केस राखले असते, तर आनंद झाला असता, पण न्यूयॉर्कपर्यंतचा प्रवास त्यातून निघाला असता का, याची मला शंका आहे. ‘माझी कहाणी’ या त्यांच्या पुस्तकाची प्रत आज दुकानात सहज मिळत नाही. हिंगण्याच्या फाटकातून आत जाणाऱ्या मुलींपैकी किती जणींना हे नाव ठाऊक असेल, सांगता येत नाही. फाटकावर नाव आहे ते कर्व्यांचे, आणि तेही संस्थेच्या नावात.