वस्तीला

आमच्या घराण्यात हॉटेलात उतरण्याची रीत नाही. पंढरपूरला गेलो की मठात, लग्नकार्याला गेलो की जानवसघरात आणि पुण्या-मुंबईला गेलो की कोणा ना कोणा नातलगाच्या बाहेरच्या खोलीत, हे ठरलेले. पैसे मोजून परक्याच्या छपराखाली झोपायचे म्हणजे त्या गावात आपले कोणी नाही हे चारचौघांत कबूल करणे, अशी माझ्या आजीची पक्की समजूत. अशा या आजीने, आईच्या आईने, वयाच्या एक्याण्णवाव्या वर्षी मला आणि आईला इटलीत जाऊन हॉटेलात राहायला सांगितले, तेव्हा आधी आम्हांला वाटले की म्हातारीला ताप तर नाही ना चढला!

तापबीप काही नव्हता. आजीचा थोरला भाऊ मराठा पलटणीत होता. तो घरातून निघाला तेव्हा आजी आठ वर्षांची होती. एप्रिल १९४५ मध्ये उत्तर इटलीत सेनियो नावाच्या नदीकाठी तो पडला. नामदेव जाधवांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो याच नदीवरच्या ९ एप्रिलच्या लढाईत. त्यांचे नाव आमच्याकडे शाळकरी पोरांनाही ठाऊक असते. आजीच्या भावाचे नाव मात्र घराबाहेर कोणाला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. २ मे रोजी इटलीतले युद्ध संपले. आणखी तीन आठवडे निभावले असते तर तो घरी आला असता, हा हिशेब आजीची आई मरेपर्यंत करत होती.

युद्धात पडलेल्यांच्या कबरी आणि स्मारके सांभाळणारे एक राष्ट्रकुल मंडळ आहे. त्याच्या नोंदी आता कोणालाही घरबसल्या पाहता येतात. माझ्या मुलाने एका रविवारी बसून त्या चाळल्या आणि नाव सापडले. फोर्ली नावाच्या गावाजवळ हिंदी सैनिकांची स्मशानभूमी आहे. तिथे दफन केलेल्यांच्या कबरी आहेत, आणि ज्यांना अग्नी दिला अशा सातशेहून अधिक जवानांची नावे एका स्मारकावर कोरलेली आहेत. त्यांत आमचेही एक. मुलाने ते आजीला मोठ्याने वाचून दाखवले. आजी बराच वेळ काही बोलली नाही. मग आईला म्हणाली, "जाऊन या. पण हात लावून माघारी फिरू नका. एक रात तरी वस्तीला ऱ्हावा. ऐंशी वर्सं झाली, त्याच्याकडं आपलं कुणी वस्तीला गेलं न्हाई."

झाले! गावाकडे वस्ती म्हणजे काय ते वाचकांना सांगायला नको. दुपारी जेवून गेलेला पाहुणा तो पाहुणा नव्हे.

प्रवासी कंपन्यांकडे चौकशी केली. रोम, फ्लॉरेन्स, पिसाचा मनोरा, व्हेनिस. बस सकाळी आठला सुटणार ती सुटणार. वाटेत फोर्लीला तासभर थांबता येईल का, असे विचारल्यावर पलीकडचा तरुण अदबीने म्हणाला, "मॅडम, तिथं बघण्यासारखं काही नाही." तेव्हा ठरवले की आपला आपण बेत आखायचा. महागाई भत्त्याची थकबाकी नुकतीच हाती आली होती, आईने बँकेतली ठेव मोडली, आणि माझ्या पाच कादंबऱ्यांच्या मानधनाची त्यात भर पडली. ही भर किती, ते प्रकाशकाच्या अब्रूखातर सांगत नाही. मर्यादा अशी घातली की चार रात्री राहायचे आणि दोघींना मिळून, एका वेळच्या जेवणासह, रात्रीला बारा हजार रुपयांच्या वर जायचे नाही. युरो तेव्हा शंभरीच्या आसपास होता. म्हणजे एकशेवीस युरो. त्यात सोय हवी, आणि सोय म्हणजे आईचे गुडघे. आईला एकाहत्तरावे चालू आहे.

सरळ फोर्लीतच का उतरू नये? मीही प्रथम तेच पाहिले. पण तिथल्या हॉटेलांत न्याहारीपुरतीच सोय दिसली. रात्रीचे जेवण बाहेर शोधायचे म्हणजे आईला अंधारात चालवायचे. शिवाय आई माळकरी. अनोळखी गावात रोज रात्री नव्या खानावळीत जाऊन 'यात काय घातलंय' हे इटालियनमध्ये विचारण्याची माझी छाती नव्हती. मग रेल्वेच्या नकाशावर बोट फिरवत गेले तर फोर्लीच्या आग्नेयेला, आगगाडीने तासाच्या आत, समुद्रावर रिमिनी. आणि समुद्र म्हटल्याबरोबर आईने मान वर केली. मामाचे एकच पत्र घरात होते, तेही दुसऱ्याच्या हातचे. पलटणीतून गावाचे नाव लिहायला मुभा नसे. त्यात होते ते एवढेच: सध्या समुद्राजवळ आहोत, तब्येत ठीक, काळजी नसावी. तो समुद्र रिमिनीचाच असे मी म्हणत नाही. पण आईने ते तेव्हाच मनाशी ठरवून टाकले.

आता रिमिनीविषयी. हे गाव म्हणजे दोन गावे आहेत, आणि मधून रेल्वे जाते. रुळांच्या अलीकडे जुने गाव. ऑगस्टसची कमान इसवी सनापूर्वी २७ ची. तायबेरियसचा पाच कमानींचा पांढरा दगडी पूल इसवी सन २१ मध्ये पुरा झालेला, आणि त्यावरून माणसे अजून जात-येत असतात. याच गावातून रोमनांनी इसवी सनापूर्वी १८७ मध्ये जो सरळ रस्ता काढला, तो फोर्लीवरून पुढे जातो. १९४४ साली बॉम्बवर्षावाने गावाचा फार मोठा भाग जमीनदोस्त झाला, पूल मात्र टिकला. जुन्या चौकाचे नाव 'तीन हुतात्म्यांचा चौक'. त्या ऑगस्टमध्ये तीन तरुणांना जर्मनांनी इथे फाशी दिले. रुळांच्या पलीकडे समुद्रकाठचे नवे गाव. नवे म्हणायचे खरे, पण इथे समुद्रस्नानाची पहिली सोय १८४३ सालीच झाली. फेलिनी हा मोठा चित्रपट-दिग्दर्शक इथलाच. त्याच्या 'अमारकॉर्द'मधले ते भव्य ग्रँड हॉटेल १९०८ पासून समुद्रासमोर उभे आहे. आम्ही त्याच्यापुढून दोनदा चालत गेलो, आणि तेवढे आमच्या ऐपतीत बसले.

जुन्या गावात राहावे की समुद्राकडे? चित्रे पाहिली की जुन्या गावात राहावेसे वाटते. पण तिथली फरसबंदी दुखऱ्या गुडघ्यांची वैरीण, आणि खोल्या थोड्या म्हणून भाडे जास्त. समुद्राच्या बाजूला शेकडो लहान हॉटेले, पुष्कळशी एकेका कुटुंबाने चालवलेली. त्यांच्याकडे एक जुनी पद्धत आहे: खोली, न्याहारी आणि रात्रीचे जेवण असा एकच दर. तिला 'मेत्झा पेन्सिओने' म्हणतात. आमच्यासारख्यांना हीच सोयीची. मात्र यांतली बरीच हॉटेले हिवाळाभर कुलूपबंद असतात. कोणी ईस्टरला उघडते, कोणी थेट मे महिन्यात. मी पहिले जे हॉटेल हौसेने निवडले, ते मेच्या मध्यावर उघडणार होते. उलट, उशिरा जावे तर २५ एप्रिल आणि १ मे या तिथल्या सुट्ट्यांना दर वाढतात. आणखी एक गोष्ट कोणी सांगत नाही. उत्तर इटलीच्या बहुतेक भागात खोल्या गरम करण्याची यंत्रणा कायद्याने १५ एप्रिलला बंद करतात. मग थंडी पडो की न पडो. आईची हाडे लक्षात घेऊन मी पंधरा तारखेच्या आत चारही रात्री बसवल्या. त्यात ९ एप्रिल आला.

वर्षभर उघडे असणारे एक हॉटेल सापडले. स्टेशनपासून पंधरा मिनिटे चालायचे, समुद्र दोन गल्ल्या पुढे. मालकीणबाईंशी पत्रव्यवहार सुरू झाला. माझे इंग्रजी शाळेपुरते, त्यांचे त्याहून बरे नसावे. मधे मुलाच्या फोनमधला दुभाषी. मी विचारले, लिफ्ट आहे का? आहे. मग विचारले, रस्त्यापासून लिफ्टपर्यंत पायऱ्या किती? हा प्रश्न विचारायला मी आमच्या तालुक्याच्या दवाखान्यात शिकले. तिथे लिफ्ट अर्धा जिना चढल्यावर लागते. बाईंनी उत्तर दिले, तीन पायऱ्या, डाव्या हाताला कठडा. सोबत फोटो. न्हाणीघरात टब आहे की नुसती फवाऱ्याची जागा, हेही विचारावे. उंच टबात पाय टाकणे वयस्कर माणसाला जिवावर येते. खाटा दोन वेगळ्या हव्यात, असे स्पष्ट लिहावे. आणि दरात न धरलेला, माणशी रोजचा एक नगरकर असतो, तो निघताना रोख द्यावा लागतो. त्याचे पैसे बाजूला ठेवावेत.

समुद्र दिसणारी खोली हवी का? रात्रीला बारा युरो जास्त. आईने माझ्याकडे पाहिले, मी वहीकडे पाहिले. मागची खोली घेतली. आई त्यावर काही बोलली नाही, पण तिचा चेहरा मला दोन दिवस लागून राहिला.

व्हिसाचा प्रसंग सांगितल्यावाचून राहवत नाही. माणशी नव्वद युरो शुल्क, तीस हजार युरोंचा विमा, राहण्याच्या जागेचा कागद, सारे चोख नेले होते. मुंबईच्या कचेरीत काचेपलीकडच्या मुलीने आईला विचारले, "तिकडे कोणी नातेवाईक आहेत?" मी तोंड उघडण्यापूर्वी आई म्हणाली, "हो, मामा आहेत." मुलगी म्हणाली, "मग त्यांचं निमंत्रणपत्र लागेल. ते तिथं केव्हापासून आहेत?" आई म्हणाली, "चव्वेचाळीस-पंचेचाळीस सालापासून." मुलीने वर पाहिले. मी घाईघाईने पिशवीतून नोंदीचा कागद काढून काचेखालून सरकवला. तिने तो वाचला, दोन्ही हातांनी परत दिला, आणि अर्जावर 'पर्यटन' असे होते ते तसेच राहू दिले.

जेवणाचे मी सविस्तर लिहिले होते: मांस नाही, मासे नाहीत, अंडे नाही. त्या भागात पियादिना नावाची जाड पोळी असते, तव्यावर भाजतात. आईला घरच्यासारखी वाटणार म्हणून मी खूश होते. पण तिच्या कणकेत रूढीने डुकराची चरबी घालतात. ऑलिव्हच्या तेलातली मागावी लागते. त्यांचे ते प्रसिद्ध पार्मेजान चीजही वासराच्या जठरातल्या विरजणाने होते, म्हणून चीज वर्ज्य. हे सगळे लिहून, तीनदा वाचून धाडले, आणि तरी पहिल्याच रात्री भाज्यांचे सूप आले ते हाडांच्या पाण्यात केलेले! आईने वासावरून ओळखले आणि चमचा खाली ठेवला. मालकीणबाई कळवळल्या. सूपमध्ये मांसाचा तुकडा नाही, मग चुकले काय, हे आधी त्यांना उमगेना. उमगल्यावर त्या स्वतः आत गेल्या आणि पाऊण तासाने तेलातली पियादिना, पालेभाजी आणि वाफवलेला बटाटा घेऊन आल्या. चूक माझीच, 'सूपचे पाणीसुद्धा' हे दोन शब्द मी लिहिले नव्हते. कोणी जाणार असेल तर लिहावेत.

नऊ तारखेला सकाळच्या गाडीने फोर्लीला गेलो. स्टेशनबाहेर टॅक्सी केली. त्या जागेचे वर्णन करण्याचा माझा विचार नाही. हिरवळ नीट कापलेली होती, आणि आमच्याशिवाय दुसरे कोणी नव्हते. आईने नावावरून बोट फिरवले, पंढरीचा बुक्का लावला, आणि घरातल्या सगळ्यांची खुशाली सांगितली: कोण कोण गेले, कोणाला मुले किती, विहिरीला पाणी लागले, जुने घर पाडले. सांगायला बराच वेळ लागला. टॅक्सीवाला दूर उभा राहून वाट पाहत होता. परतताना त्याने थांबल्याचे पैसे धरले नाहीत.

त्या रात्री आईला झोप नव्हती. मागची गल्ली, पलीकडे इमारतींच्या पाठी, आणि त्यांच्या पलीकडून अधूनमधून जाणाऱ्या गाडीचा खडखडाट. समुद्राची खोली घ्यायला हवी होती, बारा युरोंसाठी मी हे काय केले, असे मला वाटत राहिले. आई खिडकी किलकिली करून बसली होती. मी म्हटले, "आवाजाचा त्रास होतोय का? बंद करू?" ती म्हणाली, "असू दे."

घरी आल्यावर आजीने आम्हांला समोर बसवले. स्मारकाचे फोटो तिने पाहिल्यासारखे केले. तिला आता फारसे दिसत नाही. तिचे प्रश्न वेगळेच होते. जेवलात काय? निजायला खाली होतं का खाट? पांघरूण उबदार होतं का? किती रात्री? चार म्हटल्यावर तिने बोटांवर मोजून पाहिल्या.

"खिडकी कुठल्या अंगाला होती?"

मी ओशाळून म्हटले, "समुद्राकडं नव्हती, आजी. मागच्या अंगाला. रुळांकडं. फोर्लीची गाडी तिथूनच जायची."

"म्हंजी त्याच्या वाटंकडं," आजी म्हणाली. मग जराशाने विचारले, "भाडं किती पडलं?"

मी आकडा सांगितला.

"लई न्हाई," ती म्हणाली, आणि आईला चहा टाकायला सांगितले.