घरात धारप आले तेव्हा

गेल्या उन्हाळ्यात आमच्या नववीतल्या मुलीने वाचनालयातून नारायण धारपांची 'लुचाई' आणली. मुखपृष्ठ पाहूनच आमचे डोके फिरले. आमच्या घरी विज्ञानकथा म्हणजे जयंत नारळीकर. हे भुताखेताचे कशाला? कचेरी सुटल्यावर आम्ही खेड्यापाड्यांत अंधश्रद्धेवर बोलत फिरतो. ऑगस्ट २०२१ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, जिवती तालुक्यातल्या वणी खुर्द येथे, भानामतीच्या संशयावरून दलित कुटुंबांतील सात जणांना भर चौकात बांधून मारले. त्यांत म्हातारी माणसेही होती. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ चा, म्हणजे तो होऊनही तेव्हा आठ वर्षे झालेली. हे सारे आम्ही मुलीला सुनावले. ती एवढेच म्हणाली, "बाबा, पुस्तकातल्या भुतानं कोणाला बांधून मारलं का?"

उत्तर सुचले नाही. म्हणून रात्री पुस्तक आम्हीच हाती घेतले.

धारप (१९२५–२००८) वाचकाला एकदम घाबरवीत नाहीत. आधी साधे गाव, रोजची माणसे, एक जुने घर. मग ओळखीचे शेजारी एकेक करून बदलू लागतात. मूळ कल्पना अमेरिकेच्या स्टीफन किंगच्या 'सालेम्स लॉट' या कादंबरीची, पण गाव आपले वाटते. मध्यरात्री वीज गेली, मागच्या बांबूच्या रांजीत वारा शिरला, आणि भाषणे देणारे आम्ही सौ.ना उठवून कंदील लावायला सांगितले. (मूलकडे खरी भीती वाघाची. ती तर दिवसाही असते.)

त्यानंतर आम्ही बरेच धारप वाचले. नव्या वाचकाने कुठून सुरुवात करावी, असे कोणी विचारले तर 'लुचाई'च सांगू. मग 'शपथ'. लहानपणीचे सोबती मोठेपणी पुन्हा एकत्र येऊन एका अघोरी शक्तीशी लढतात, तीही किंगच्याच 'इट'वरून. भूत नकोच असेल त्याने 'नेनचिम' ही विज्ञानकादंबरी घ्यावी. 'समर्थ' मालिका मात्र आम्हाला पचली नाही. एका सिद्धपुरुषाने यावे आणि सर्वांना सोडवावे, हे आम्हाला कथेतही खपत नाही. मुलगी म्हणते, मजा येते. असो.

'तुंबाड' हा २०१८ चा सिनेमा पुष्कळांनी पाहिला असेल. दिग्दर्शक राही बर्वे यांनी धारपांची एक गोष्ट १९९३ साली मित्राच्या तोंडून ऐकली, तीही आपल्या विदर्भातल्या नागझिऱ्याच्या जंगलात. त्या सिनेमात धारपांच्या 'आजी' या कथेचा अंश आहे, आणि ही 'आजी' किंगच्या 'ग्रॅमा'वरून आलेली. घरात एकटे पोर आणि आजारी म्हातारी, एवढाच पसारा. इथे आम्ही अडलो. म्हातारीची भीती घालणारी ही गोष्ट, आणि आमच्या भागात म्हातारीवरच आधी बोट रोखले जाते! ही पोरीने वाचावी का? दोन दिवस पुस्तक आम्ही कपाटावर ठेवले. शेवटी तिला म्हटले, वाच, पण मोठ्याने, सगळ्यांसमोर.

आमची आई खाटेवर पडून ऐकत होती. गोष्ट संपली तसे आम्ही तिच्याकडे पाहिले. ती नातीला म्हणाली, "अन् त्या बुढीचं औषधपाणी कोण करत होतं वो?"