वाढदिवसाचें सीमोल्लंघन

वर्धापनविधि म्हणून जो विधि आपल्या घराण्यांतून अद्यापि कोठें कोठें चालतो, त्यांत वाढदिवशीं काय करावें हें जसें सांगितलें आहे, तसेंच काय करूं नये हेंहि सांगितलें आहे. सकाळीं अभ्यंगस्नान, नवें वस्त्र, मार्कंडेयाचें व अश्वत्थामादि सात चिरंजीवांचें पूजन, आणि तीळगूळ घातलेलें दूध, हा झाला विधीचा भाग. निषेधाचा भाग निर्णयसिंधूंत आढळतो. हा ग्रंथ कमलाकरभट्टांनीं इ. स. १६१२ मध्यें पुरा केला. वर्षवृद्धीच्या दिवशीं नखें व केश कापूं नयेत, मांसाशन करूं नये, हिंसा करूं नये, कलह करूं नये, असें सांगतांना त्याच यादींत प्रवासहि वर्ज्य म्हटला आहे.

हा निषेध आठवण्याचें कारण असें. आमच्या थोरल्या बंधूंची नात जर्मनींतील सारब्रुकेन ह्या शहरीं संगणकशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासासाठीं गेली आहे. बंधु आतां नाहींत. वहिनी आहेत, पुतण्या व सूनबाई आहेत, आणि घरावर शिक्षणाचें कर्ज आहे. गेल्या फाल्गुनांत मुलीला तेवीस वर्षें पुरीं झालीं. शनिवार होता. वहिनींनीं देवापुढें खिरीची वाटी ठेविली व औक्षणाचें तबक मांडलें. कारण फोनच्या पडद्यावर नातीचें तोंड पाहून तिला ओंवाळावयाचें असा त्यांचा बेत होता. आमचे अकरा वाजले म्हणजे त्या ऋतूंत तिकडे साडेसहा होतात. सूनबाईंनीं अकराला फोन केला, उत्तर नाहीं. बाराला केला, एकाला केला, दोनाला केला, फोन बंद. तिच्या एकाहि मैत्रिणीचा नंबर घरीं कोणाजवळ नव्हता. निरांजन दोनदां विझलें व दोनदां लावलें गेलें. सायंकाळीं साडेसहाला दोन ओळींचा निरोप आला, "मी मैत्रिणींबरोबर लक्झेंबर्गला आलें आहे. उद्यां रात्रीं परत जाईन."

लक्झेंबर्ग म्हणजे दुसरा देश! जर्मनीला जाण्यासाठीं आम्हीं वर्षभर कागद गोळा केले होते; आणि ही मुलगी शुक्रवारीं रात्रीं बेत करून शनिवारीं सकाळीं परदेशांतून परदेशांत जाते, आणि घरीं एक अक्षर कळवीत नाहीं. वहिनी म्हणाल्या, "वाढदिवशीं कोणी वेस ओलांडतें का?" त्यांनीं निर्णयसिंधु वाचलेला नाहीं, पण त्यांच्या बोलण्याला त्याचा आधार होता. पुतण्या फारच संतापला. तो मजकडे येऊन म्हणाला, "काका, ती तुमच्यापाशीं संस्कृत शिकली. तुमचा शब्द मानते. तुम्हीच तिला कडक पत्र लिहा. कर्ज काढून मुलांना सहलीला पाठवण्याची आमची ऐपत नाहीं. असेंच चालणार असेल तर पुढच्या सत्राआधीं मी तिला परत बोलावतों." हें तो रागाच्या भरांत बोलला खरा; परंतु त्याचा स्वभाव मला ठाऊक आहे. तो बोललेलें करणारा मनुष्य आहे.

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला आणि पुढें पाठशाळेंत व्याकरण व थोडें न्यायशास्त्र ऐकलेला मास्तर. पूर्वपक्ष पुरता मांडल्याशिवाय सिद्धान्त सांगूं नये एवढें त्या शास्त्रांतून अंगीं मुरलें आहे. म्हणून कडक पत्र बाजूस ठेवून मीं आधीं मुलीकडून सर्व हकीकत मागविली. तिनें चार पानें मराठींत लिहून पाठविलीं. तीं वाचून जें कळलें तें वाचकांपुढें ठेवितों. ह्यांतील कांहीं मजकूर खाजगी आहे. तो तिच्या संमतीनेंच येथें लिहिला आहे.

सारब्रुकेनहून पेर्ल नांवाच्या गांवापर्यंत साध्या आगगाडीनें जातां येतें. अंतर सुमारें आपल्या नागपूर-रामटेकाएवढें, किंवा त्याहून थोडें अधिक. पेर्लला उतरून मोझेल नदीचा पूल पायीं ओलांडला कीं पलीकडे लक्झेंबर्ग, आणि अलीकडच्याच कांठानें थोडें वर गेलें तर फ्रान्स. पलीकडील खेड्याचें नांव शेंगेन. हें खेडें द्राक्षमळ्यांचें. पण तें जगाला ठाऊक झालें तें एका करारामुळें. १४ जून १९८५ रोजीं त्या ठिकाणीं मोझेल नदींतील एका नौकेवर बेल्जम, फ्रान्स, लक्झेंबर्ग, नेदरलंड्स व तत्कालीन पश्चिम जर्मनी ह्या पांच राष्ट्रांनीं आपापसांतील सरहद्दींवरची तपासणी क्रमाक्रमानें उठविण्याचें ठरविलें. प्रत्यक्ष अंमल २६ मार्च १९९५ पासून झाला, आणि आज त्या मंडळांत २९ राष्ट्रें आहेत. जर्मनीचा निवासपरवाना असलेल्या विद्यार्थ्यास ह्या इतर राष्ट्रांत कोणत्याहि १८० दिवसांतील ९० दिवसांपर्यंत हिंडतां येतें. वेगळा व्हिसा लागत नाहीं. म्हणजे आम्हांस जो महान् परदेशप्रवास वाटला, तो तेथील लोकांच्या दृष्टीनें पूल ओलांडून शेजारच्या गांवीं जाणें होतें. लक्झेंबर्गचें सारें राष्ट्रच क्षेत्रफळानें सुमारें २,५८६ चौरस किलोमीटर. आपल्या नागपूर जिल्ह्याच्या जवळजवळ चौथाई!

ह्या सीमांचा प्रकार नागपूरकरांस तरी अगदींच अपरिचित नसावा. सारब्रुकेन ज्या सार प्रांतांत आहे, तो १९२० पासून पंधरा वर्षें राष्ट्रसंघाच्या कारभाराखालीं होता; १९३५ मध्यें लोकमतानें जर्मनींत गेला; दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्सच्या छत्राखालीं आला; आणि १ जानेवारी १९५७ रोजीं पुनः जर्मनीस मिळाला. माझ्या वडिलांनीं महालांतील आपलें घर एक दिवस सोडलें नाहीं. तरी त्यांनीं मध्यप्रांत व वऱ्हाड पाहिला, १९५० पासून मध्यप्रदेश पाहिला, १ नोव्हेंबर १९५६ पासून द्वैभाषिक मुंबई राज्य पाहिलें, आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्र पाहिला. मनुष्य सीमा ओलांडतो तशा सीमाहि मनुष्याला ओलांडून जातात.

आतां खर्च. पुतण्याचा मुख्य आक्षेप तोच होता, आणि तो गैर नव्हता. मुलीनें दमडीदमडीचा हिशेब लिहिला आहे. पेर्लपर्यंतचा प्रवास तिच्या विद्यार्थी-पासावर झाला. पुढें लक्झेंबर्गमध्यें बस व आगगाडी सर्वांसच फुकट आहे. २९ फेब्रुवारी २०२० पासून त्या राष्ट्रानें सार्वजनिक वाहनांचें भाडें घेणेंच सोडून दिलें. फक्त आगगाडीच्या पहिल्या वर्गाला पैसे पडतात. रात्र युवकांच्या वसतिगृहांत एका खोलींत सहाजणींनीं काढली. जेवण म्हणजे घरून नेलेल्या पोळ्या, आणि वाढदिवसानिमित्त एक केकचा तुकडा तिघींत. सर्व मिळून साठ युरो, म्हणजे सहा हजार रुपयांच्या आसपास. आणि तेहि वाचनालयांत पुस्तकें लावण्याचें काम करून तिनें मिळविलेले. पासपोर्ट व निवासपरवाना जवळ ठेवले होते का, हेंहि मीं विचारलें. कारण सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीनें आपल्या सर्व भूसीमांवर पुनः तपासणी सुरू केली होती. दोन्ही जवळ होते. फोन मात्र रात्रीं भारित करावयाचा राहिला, आणि शहरांत पोंचेपर्यंत तो मेला.

येथपर्यंत सर्व ठीक होतें. परंतु चौथ्या पानावर जें होतें तें वाचून मी बराच वेळ पत्र हातांत धरून बसलों. प्रवासाच्या आदल्या गुरुवारीं तिच्या एका मुख्य विषयाचा निकाल लागला होता, आणि ती अनुत्तीर्ण झाली होती. जर्मनींतील पुष्कळ विद्यापीठांत एका विषयाच्या परीक्षेस ठराविक वेळांच बसतां येतें. त्या संपल्या कीं तो अभ्यासक्रमच सोडावा लागतो. तिची एक वेळ संपली. जन्मांत ती कधीं नापास झाली नव्हती. तिनें लिहिलें होतें, "आबा, शनिवारीं सकाळीं सगळे मला ओंवाळणार, बाबा अभ्यास कसा चालला आहे असें विचारणार, आणि मी हंसून चांगला म्हणणार, हें मला झालें नसतें. खोलींत एकटी राहिलें असतें तर काय वाटलें असतें तें मला सांगतां येत नाहीं. मैत्रिणींनीं ओढून नेलें. पुलावर मधोमध उभी राहून पाणी पाहिलें, तेव्हां दोन दिवसांनंतर प्रथम भूक लागली."

पुष्कळ शब्दांत सांगितलेलें दुःख ऐकण्याची मला संवय आहे. पंचेचाळीस-पन्नास मुलांच्या वर्गापुढें उभें राहून आयुष्य गेलें. "प्रथम भूक लागली" हे तीन शब्द मात्र मनांतून जात नाहींत.

परदेशीं शिकणें हें आपल्या समाजांत कधींहि सोपें नव्हतें. बौधायनानें समुद्रसंयान पतनीय कर्मांत गणलें, आणि आपल्याकडे एकोणिसाव्या शतकाअखेरपर्यंत विलायतेहून आलेल्यास प्रायश्चित्त घ्यावें लागे. आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजीं कलकत्त्याहून बोटींत बसल्या, तेव्हां त्यांना अठरावें वर्ष पुरें होऊन आठवडाच झाला होता; त्या न्यूयॉर्कला ४ जूनला उतरल्या. ११ मार्च १८८६ रोजीं फिलाडेल्फियास त्यांना वैद्यकाची पदवी मिळाली, आणि पुढच्याच वर्षीं २६ फेब्रुवारीला पुण्यास त्या निवर्तल्या. परक्या हवेंत व परक्या थंडींत त्या एकट्या मुलीनें किती सोसलें असेल, ह्याचा विचार मी शाळेंत त्यांचा पाठ शिकवितांना नेहमीं करीत असें. १९२८ मध्यें इरावतीबाई कर्वे बर्लिनला गेल्या त्याहि उसनवारीच्या पैशांवर. आणि ती गोष्ट त्यांच्या श्वशुरांना, साक्षात् महर्षि कर्व्यांना, रुचली नव्हती. स्त्रीशिक्षणासाठीं देह झिजविलेल्या पुरुषाचेंहि मन घरच्या सुनेच्या प्रवासाला कचरलें, तेथें आमच्या पुतण्याला काय दोष द्यावा? कचरणें हें प्रेमाचेंच एक रूप आहे. परंतु त्या प्रेमानें मुलांना परत ओढावें कीं नाहीं, हा प्रश्न निराळा.

आपण रामटेकच्या छायेंतील माणसें. कालिदासाचा रामगिरि तो हाच, असें म. म. वासुदेव विष्णु मिराशी ह्यांनीं प्रतिपादन केलें आहे. मेघदूतांतील यक्षाचें काम किती निकडीचें! तरी तो मेघाला सांगतो कीं, वाट वांकडी झाली तरी चालेल, पण उज्जयिनी चुकवूं नको. थकलास तर पर्वतावर टेक, क्षीण झालास तर नद्यांचें पाणी पी. कामावर निघालेल्यानें वाटेंत विसांवा घेतला म्हणून काम बुडत नाहीं, हें ज्याचें सर्वस्व त्या कामांत गुंतलें आहे असा यक्षच सांगतो. मात्र त्याच काव्याची दुसरी बाजूहि विसरतां कामा नये. हा सर्व खटाटोप कशासाठीं? घरीं वाट पाहणाऱ्या माणसाला एक कुशलवार्ता पोंचावी म्हणून. वांकडी वाट क्षम्य आहे; वार्ता न पोंचणें क्षम्य नाहीं.

हाच माझा सिद्धान्त, आणि तो मीं दोन्ही पक्षांस कळविला. मुलीला लिहिलें: "तूं गेलीस ह्याबद्दल मला कांहीं म्हणावयाचें नाहीं. आठ तास तुझी आजी विझलेल्या निरांजनापुढें बसली होती, ह्याबद्दल म्हणावयाचें आहे. तुझ्या वयाच्या मुलीनें दर वेळीं परवानगी मागावी अशी अपेक्षा नाहीं. पण निघतांना एक शब्द आणि पोंचल्यावर एक शब्द, एवढें ऋण घरचें आहे. आणि परीक्षेची गोष्ट बापाला तूं स्वतः सांगावीस. मी सांगणार नाहीं."

पुतण्याला समोर बसवून सांगितलें, "निर्णयसिंधूंत वाढदिवशीं प्रवास वर्ज्य सांगितला आहे खरा, पण त्याच यादींत कलहहि वर्ज्य आहे. पोरीनें एक निषेध मोडला. तूं रात्रीं फोनवर तिच्याशीं भांडून दुसरा मोडलास. हिशेब बरोबर झाला. आतां तिनें तुला कांहीं सांगितलें, तर तें संपेपर्यंत मध्यें बोलूं नको."

तिनें रविवारीं सांगितलें. पुतण्या मध्यें बोलला नाहीं. शेवटीं त्यानें एवढेंच विचारलें, "पुढची परीक्षा केव्हां आहे?" परत बोलावण्याची गोष्ट पुनः निघाली नाहीं. सूनबाईंनीं दोन मैत्रिणींचे नंबर वहींत उतरून घेतले, आणि वहिनींनीं पंचांगांत मुलीची तिथि पाहिली. ती तारखेनंतर कांहीं दिवसांनीं येत होती. त्या दिवशीं मुलगी आपल्या खोलींत फोन पुढें ठेवून बसली आणि औक्षण यथासांग झालें.

दुसरी परीक्षा अद्यापि व्हावयाची आहे, आणि तिचें काय होईल तें मी सांगूं शकत नाहीं. ज्या घरांतील मुलें आज दूरदेशीं शिकत आहेत, त्यांच्या वडीलधाऱ्यांस मात्र एक सुचवावेंसें वाटतें. मुलांना "अभ्यास कसा चालला आहे?" असें विचारण्यापूर्वीं "आज जेवलीस का?" असें विचारावें, आणि उत्तर यावयास वेळ लागला तर थांबावें. पुष्कळदां खरा निकाल त्या थांबण्यांतच कळतो.