बहुतेक सुपरनोव्हा!

डिजिटल इमेज प्रोसेसिंगच्या मिनी प्रोजेक्टला अख्ख्या वर्गाने गाड्यांच्या नंबरप्लेट घेतल्या. मी आणि माझ्या पार्टनरने आकाश घेतलं. आयडिया एकदम सोपी. कॅलिफोर्नियातल्या पालोमार वेधशाळेत 'झ्विकी ट्रान्झियंट फॅसिलिटी' 2018 पासून तेच आकाश पुन्हा पुन्हा टिपतेय. त्यातले कितीतरी फोटो कोणालाही फुकटात मिळतात. एकाच दीर्घिकेचे दोन वेगळ्या वर्षांचे फोटो घ्यायचे, पिक्सेलवर पिक्सेल बसवायचा आणि वजाबाकी करायची. जे बदललं नाही ते शून्य, जे उरलं ते नवीन!

उरतं ते बहुतेक सगळा कचराच असतो म्हणा. पण एका रात्री एका दीर्घिकेच्या कडेचा ठिपका काही केल्या जाईना. त्याच रात्रीच्या दुसऱ्या फोटोतही तो होता, म्हणजे कॅमेऱ्यावर आदळलेला वैश्विक किरण नव्हे. तासाभराने जागचा हलला नव्हता, म्हणजे लघुग्रह नव्हे. आदल्या वर्षी तिथे काही नव्हतं, आणि पुढच्या दोन महिन्यांत तो मंद होत विझला. जाहीर नोंदींतही त्या जागी काही सापडेना.

पार्टनरने लगेच रेझ्युमे उघडला. 'डिस्कव्हर्ड अ सुपरनोव्हा'! प्लेसमेंट तोंडावर आलेली. मी म्हटलं, "आधी पॉसिबल लिही." ती वैतागली, "कोण तपासायला जातंय गं?"

गोम तिथेच होती. आता कुणी ठरवलं तरी तो ठिपका तपासता येणार नव्हता. सुपरनोव्हाची खात्री त्याच्या वर्णपटावरून होते. त्यात हायड्रोजनच्या रेषा दिसल्या तर एक जात, सिलिकॉनची दिसली तर दुसरी. विझलेल्या ताऱ्याचा वर्णपट आणायचा कुठून?

मग मी तिला 1997 एफएफची गोष्ट सांगितली. हबलने 1995 मध्ये टिपलेला आकाशाचा तुकडा रॉन गिलिलँड आणि मार्क फिलिप्स यांनी 1997 च्या डिसेंबरात पुन्हा टिपला, वजाबाकी केली आणि हा सुपरनोव्हा सापडला. पुढे अ‍ॅडम रीस यांनी हबलचे जुने फोटो धुंडाळले, तर दुसऱ्याच कामासाठी घेतलेल्या इन्फ्रारेड फोटोंत तो योगायोगाने आलेला! विश्वाचं प्रसरण आधी मंदावत होतं आणि नंतर वेगावलं, या म्हणण्याला त्यामुळे 2001 मध्ये मोठा आधार मिळाला. वर्णपट त्याचाही नव्हता. रंग आणि तेज यांवरून त्यांनी ओळख पटवली, आणि आपली खात्री किती आहे तेही आकड्यांत मांडलं.

रेझ्युमेवर 'पॉसिबल' गेलं. या लेखासाठी मराठी शब्द हवा होता. मी पडले कॉन्व्हेंटवाली, म्हणून आईला फोन लावला. ती म्हणाली, संभाव्य, कदाचित, बहुतेक. मी 'बहुतेक' उचलला. त्यात केलेल्या कामाचा भरवसाही आहे आणि राहिलेल्या कामाची जागाही.

ज्युनिअर्सनो, ठिपका विझलाय, पण दीर्घिका तिथेच आहे. तिचं अंतर कळलं तर ठिपक्याचं खरं तेज काढता येईल, मग 'बहुतेक'मधली शंका थोडी तरी कमी होईल. जागा, तारखा, कोड, सगळं आमच्या रिपोर्टात आहे. घ्या!