सॉकेटचा दगड

सोमवार, ३ फेब्रुवारी २०२५, शिवडी

बोअरहोलच्या कोअर-पेट्या आज पुन्हा उघडायला लावल्या. वर भराव, खाली खाडीचा काळा चिखल, मग पिवळट मुरूम आणि त्यानंतर दगड. प्लॉटच्या पूर्व अंगाला राखाडी टफ (ज्वालामुखीच्या राखेचा दगड), पश्चिमेला घट्ट बेसाल्ट. दोन्हींचा एकेक तुकडा पाण्याच्या बादलीत टाकला. जेवून परत आले तोवर टफच्या कडा नखाने खरवडता येत होत्या. बेसाल्ट होता तसाच.

बैठकीत मात्र सगळी चर्चा दिवसाला किती पाइल होतील याचीच. ट्रायपॉडवर भागवायचं की हायड्रॉलिक रोटरी रिग मागवायची, याचं उत्तर त्या बादलीत आहे.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

उत्तरेच्या कोपऱ्यात ट्रायपॉडने चाचणीची पाइल सुरू केली. तीन पाय, विंच, दीड टनाची चिझल. पंपाने बेंटोनाइट चिझलपर्यंत खाली जातं आणि कपच्या घेऊन भोकातून वर येतं. साइटवर याला सगळे डीएमसी म्हणतात. काम हळू. दगडात सॉकेट, म्हणजे पाइल रोवायची खाच, घेताना दिवसच्या दिवस जातात आणि शेजारच्या चाळीत फळीवरची भांडी वाजतात. तरीही या जुन्या यंत्राचा मला आदर वाटतो, कारण ते दगडाचा हिशेब देतं.

मुकादमाला दोरावर खडूची खूण करायला सांगितली आणि शंभर ठोके मोजले. पडण्याची उंची १.२ मीटर, भोक ६०० मिलिमीटरचं, चिझल उतरली ५ सेंटिमीटर. म्हणजे १.५ गुणिले १.२ गुणिले १००, एकूण १८० टन-मीटर काम. तेवढ्यात फुटलेला दगड ०.०१४१ घनमीटर. घनमीटरमागे १२,७०० टन-मीटरहून थोडं अधिक. मुंबईच्या दगडासाठी चिझलच्या ऊर्जेवरून सॉकेट ठरवण्याचा विचार के. आर. दाते यांनी मांडला, आणि इतक्या वर्षांनंतरही साइटवर तोच हाताशी येतो. चिझल बेंटोनाइटमधून पडते, दोर पूर्ण मोकळा सुटत नाही, त्यामुळे हा आकडा उचलून दुसऱ्या साइटवर नेता येत नाही. पण त्याच गँगने, त्याच चिझलने बोअरहोलच्या शेजारी एकदा मोजला, की इथल्या पुढच्या प्रत्येक भोकाला तो लावता येतो.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

ट्रेलरवरून रोटरी रिग उतरली. सत्तर टनांच्या वर वजन, आणि खाली खाडीचा चिखल. मास्ट उभा करून भरलेली बकेट वर ओढताना सगळा भार ट्रॅकच्या पुढच्या टोकाखाली येतो. रिग कलंडते ती अशा वेळी. ब्रिटनच्या बीआरई संस्थेने २००४ साली केवळ ट्रॅकवरच्या यंत्रांखालच्या प्लॅटफॉर्मसाठी एक मार्गदर्शिका काढली, इतका हा विषय जिवाशी आहे. इथल्या दरपत्रकात रिगचं भाडं आहे, डिझेल आहे, प्लॅटफॉर्मची खडी नाही. ट्रायपॉडला एवढी खडी लागत नाही. खर्चाची तुलना करायची तर ही रक्कम धरूनच करायला हवी, आणि तसं आज लेखी कळवलं.

ऑपरेटरला पहिला प्रश्न विचारला: केली कोणती? केली म्हणजे अवजार फिरवणारा नळ्यांचा दांडा. फ्रिक्शन केलीत नळ्या एकमेकींत सरकतात आणि वरचा दाब घर्षणाच्या जोरावर जेवढा पोचेल तेवढाच खाली पोचतो. माती-मुरमाला ती पुरते. दगडात इंटरलॉकिंग केली हवी. तिच्या नळ्या खाचांत अडकतात, म्हणून वरच्या सिलिंडरचा दाब थेट कोअर बॅरलच्या दातांवर येतो. आलेली फ्रिक्शनची होती. “मॅडम, चालून जाईल,” असं भाड्याने देणाऱ्यांचा माणूस म्हणाला. मुरमात चालली असती. दगडात नुसती फिरत राहिली असती आणि दात झिजले असते. केली बदलून मागितली आहे.

शनिवार, ८ फेब्रुवारी

इंटरलॉकिंग केली काल रात्री आली. आज पूर्वेकडची पहिली पाइल. चिखलातून लायनर, त्याखाली बेंटोनाइट. ताज्या बेंटोनाइटची घनता तपासून घेतली. आयएस २९११ प्रमाणे ती १.०३ ते १.१० मध्ये हवी, आणि होती. मुरमात बकेट भराभर चालली. टफला टेकल्यावर कोअर बॅरल लावलं. दुपारपर्यंत सॉकेट पूर्ण, संध्याकाळी सळ्यांची केज उतरली, दिवे लागायच्या सुमारास ट्रेमीच्या नळीतून काँक्रीट सुरू.

रोटरीचा वेग मला हवा आहे तो याचसाठी. टफ पाण्यात जितका वेळ उघडा राहील तितका सॉकेटच्या भिंतीचा दगड मऊ पडतो. ट्रायपॉडच्या भोकात तो कित्येक दिवस भिजतो. म्हणजे ठोके मोजून ज्या दगडाचा हिशेब घ्यायचा, तोच दगड काँक्रीट पडेपर्यंत तसा उरत नाही.

उलट बाजूही आहे. रोटरीच्या केबिनमधल्या पडद्यावर टॉर्क दिसतो, दाब दिसतो, पण दात नवे की झिजलेले यावर सगळं बदलतं. बाउअरची पहिली मोठी रोटरी रिग, बीजी ७, १९७६ सालची. त्याच वर्षी कोल आणि स्ट्राउड यांनी कोव्हेंट्रीतल्या सॉकेट पाइल्सवर लेख लिहून एसपीटी चाचणीच्या ठोक्यांची कमकुवत खडकाच्या ताकदीशी सांगड घातली. यंत्र पुढे गेलं, पण रोटरीसाठी ठोक्यांसारखं सोपं माप साइटवर अजून रुळलेलं नाही. म्हणून प्रत्येक अर्ध्या मीटरला लागलेला वेळ, दाब आणि दातांची अवस्था लिहायचा तक्ता आखून ऑपरेटरला दिला. बकेटमधून आलेला दगड पिशवीत, खोली लिहून.

ट्रेमी लावायच्या आधी वजनाची टेप मी स्वतः सोडली. पहिल्यांदा वजन टेकलं ते लोण्यात रुतल्यासारखं, हाताला काही लागेना. पुन्हा फ्लशिंग करायला लावलं. दुसऱ्यांदा हाताला टणक धक्का जाणवला, तेव्हा हो म्हटलं. तळाचा गाळ राहिला तर रिग कोणती होती याला काही अर्थ उरत नाही.

रविवार, ९ फेब्रुवारी

सुट्टी. डोक्यात मात्र रिव्हर्स सर्क्युलेशनच. इथून दिसणाऱ्या अटल सेतूचे २१.८ पैकी १६.५ किलोमीटर समुद्रावर. तिथल्या पाइल्सना आवाज आणि कंपन कमी राहावं म्हणून रिव्हर्स सर्क्युलेशनच्याच रिग वापरल्या. डीएमसीच्या नेमकं उलट काम: पाणी भोकातून खाली, आणि कपच्या हवेच्या जोरावर ड्रिल पाइपमधून वर. पाइप अरुंद, म्हणून प्रवाह वेगवान, म्हणून मोठे तुकडेही वर येतात आणि तळ स्वच्छ राहतो. मोठ्या व्यासाला याहून चांगली रिग मला माहीत नाही. आमच्या ६०० मिलिमीटरच्या पाइल्सना तिचा पसारा परवडणार नाही.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

कोणीतरी सीएफए, म्हणजे सलग ऑगरने घेतलेली पाइल, सुचवली. गाळाच्या सपाट प्रदेशात उत्तम. इथल्या बेसाल्टमध्ये तो ऑगर शिरणारच नाही. गल्लीतल्या जुन्या भिंतीलगत, जिथे मास्ट उभा राहू शकत नाही, तिथे डाउन-द-होल हॅमरने मायक्रोपाइल घेऊ.

पूर्वेकडे रोटरी, आणि सॉकेट ज्या दिवशी पुरं होईल त्याच दिवशी काँक्रीट. जमणार नसेल तर शेवटचा मीटर दुसऱ्या दिवशीसाठी राखायचा. पश्चिमेला बेसाल्टचा माथा उतरता आहे, चिझल तिथे घसरून भोक वाकडं करते, म्हणून सुरुवात कोअर बॅरलने. ट्रायपॉड फक्त उत्तरेच्या कोपऱ्यात, दिवसाउजेडी. चाळीतल्या लोकांसाठी तशी सूचना चिकटवली.

लोड टेस्टसाठी दोन पाइल मागितल्या आहेत, एक ट्रायपॉडची आणि एक रोटरीची, दोन्ही टफमधल्या. कंत्राटदार एकीवरच भागवा म्हणतो. दोन्हींचे निकाल हाती आल्याशिवाय सॉकेटची लांबी कमी करणाऱ्या नकाशावर मी सही करणार नाही, हे त्याला आज तोंडावर सांगितलं.