तपकिरी सूर

गेल्या पावसाळ्यात माझा उजवा कान पार गेला. डावाही आता वरचे सूर सोडतो. चुलीवरच्या पाण्याला आधण आलं, हे मला वाफ बघून कळतं. आमच्या सूर्यमाळला ही बातमी लपत नाही. भेटेल तो विचारतो, मग आता तारपा कसा करणार?

तारपा हे भोपळ्या-बांबूचं, फुंकून वाजवायचं वाद्य. भोपळा वेलावर किती दिवस ठेवायचा, बांबू कुठला घ्यायचा, खालच्या कर्ण्याला ताडाची पानं कशी गुंडाळायची, हे करणाऱ्याला ठाऊक असतं. ते सांगत बसत नाही. माझं आयुष्य अडलं ते जिभेपाशी. दोन नळ्या आणि प्रत्येकीला बांबूचीच एक जीभ. दोघी भोपळ्याच्या पोटात बसतात आणि वरून मेण बसतं. मग आत काय चाललंय ते डोळ्यांना दिसत नाही आणि बोटांनाही लागत नाही. एक जीभ केसभर जाड राहिली तरी तारपा वाजतो. रात्रभर नाच होतो, कुणी काही म्हणत नाही. पण दोन सूर शेजाऱ्यांसारखे राहतात, एका घरात नांदत नाहीत. पुन्हा मेण काढा, जीभ खरवडा, मेण लावा, फुंका. जास्त खरवडली की जीभ गेली आणि दुसरी करा. एक तारपा मी 17 वेळा उघडला होता. घरच्यांनी बोलणं टाकलं होतं.

सूर जुळला की नाही, हे मला रंगावरून कळायचं. एका नळीचा सूर नाचणीच्या भाकरीच्या रंगाचा, दुसरीचा पिकलेल्या भातासारखा पिवळा. जुळले की पिवळा बुडायचा आणि ओल्या मातीचा एकच तपकिरी पसरायचा. नाही जुळले तर त्या तपकिरीला पिवळी किनार उरायची. ती किनार जाईपर्यंत मी झोपत नसे.

लहानपणी वाटायचं, सगळ्यांनाच असं दिसतं. एकदा नाचातून घरी येताना विचारलं, "आये, तुला तारपा कसल्या रंगाचा दिसतो?" तिने माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला. त्यानंतर मी कुणाला विचारलं नाही.

पुढे आश्रमशाळेत मास्तर झालो, पुस्तकं हाताशी आली. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव दरबारात जमाखर्चाचं खातं सांभाळणाऱ्या शारंगदेवाने 'संगीतरत्नाकर' लिहिला. त्यात प्रत्येक स्वराला रंग दिलाय: षड्ज कमळाचा, गांधार सोन्याचा, मध्यम कुंदाच्या फुलासारखा पांढरा, पंचम काळा. वाचून छाती भरून आली. मग माझे रंग ताडून पाहिले, तर एकही जुळेना. महिनाभर मी हट्टाने म्हणत होतो की शारंगदेव चुकला. सूर रंगात दिसण्याच्या या प्रकाराला डॉक्टर लोक सिनेस्थेशिया म्हणतात. त्यांचं म्हणणं असं की एकाचे रंग दुसऱ्याशी जुळत नाहीत, पण ज्याचे त्याला सहसा जन्मभर तेच राहतात. माझं समाधान मात्र ज्ञानेश्वरांनी केलं. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात ते म्हणतात की या बोलांच्या रसाच्या लोभाने कानांनाच जिभा फुटतील आणि इंद्रियांचं आपसात भांडण लागेल. कानाला जीभ! तारप्याची जीभ खरवडताना किती वर्षं ते माझ्या मनात होतं.

या रंगांचा मला गर्व होता, हे कबूल करतो. जव्हारकडच्या वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा बाबा तारपा करतातही आणि वाजवतातही. त्यांचा तारपा मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा तपकिरीला कुठेच किनार नव्हती. मी कौतुक केलं नाही. घरी येऊन माझे तीन तारपे फोडले. आज तारपाच बदलतोय. काहीजण मेणाऐवजी बाजारातलं सील लावतात, ते पुन्हा उघडत नाही. जो तारपा उघडता येत नाही तो सुधारायचा कसा? नवं भात आल्यावर वाजायचा तो आता पाहुण्यांच्या स्वागताला बारमाही वाजतो. कपांवर, पिशव्यांवर गोल नाचाचं चित्र छापतात, त्यात नाचणारे तारप्याला पाठ दाखवून उभे. गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांनी तो वेढा काढला तेव्हा मला त्यात नाच कमी आणि आवाज जास्त दिसला होता. तारप्याला पाठ दाखवायची नसते, हे छापणाऱ्याला कुणीतरी सांगावं.

कान गेल्यावर रंगही गेले. तारपा समोर वाजायचा आणि मला नुसते गाल फुगलेले दिसायचे. हत्यारं मी गोणीत बांधली.

बहिणीचा मुलगा माझ्याकडे शिकतो. त्याला रंग दिसत नाहीत. मोबाइलवर सूर मोजतो, त्यावरून मी त्याला फार बोललो आहे. एका संध्याकाळी त्याने नवा तारपा फुंकला आणि नळीचं टोक माझ्या तोंडाशी आणलं. "मामा, दात टेकव ना." टेकवले. जबड्यात थरथर उठली, वाढली, ओसरली, परत वाढली. दोन सूर जवळ येऊनही एक झाले नाहीत की असंच होतं. त्याने जीभ काढली, पात्याने दोनदा ओढली, मेण लावलं. पुन्हा दात टेकवले. आता थरथर एकसारखी होती, कुठे उतरत नव्हती. आणि डोळे मिटलेले असताना तपकिरी आला. फिका होता, कडेला पुसट होता, पण आला. मी बराच वेळ तसाच बसून राहिलो. शेवटी पोराचा दम संपला.

आता मी दातांनी ऐकतो. कधी हनुवटी भोपळ्यावर ठेवतो, कधी तळहात कर्ण्यावर. वरचे सूर नाहीतच. खालचे हाडांतून येतात.

पुढे खोडाळ्याला एका कार्यक्रमात लोकांनी विचारलं, तेव्हा दात टेकवायची ही युक्ती मी माझी म्हणून सांगितली. टाळ्या पडल्या. पोर शेजारी तारपा धरून उभं होतं, काही बोललं नाही. परतीच्या वाटेवरही बोललं नाही. म्हणून इथे लिहून ठेवतो: ती युक्ती त्याची आहे. आणि जीभही तो आता माझ्यापेक्षा चांगली कापतो.